म्हणे मजा केली पोरांनी

सकाळी फॅमिली ग्रुपवर कुणीतरी परत तो फॉरवर्ड टाकला, 'कोविड बॅच', अंथरुणात लोळत पास झालेली पोरं वगैरे, आणि खाली हसून हसून रडणाऱ्या इमोजींची रांग. टाकणारे कोण, तर त्या काळात स्वतः दिवसभर घरात चिडचिड करत फिरणारे लोक. डोकंच फिरलं माझं.

माझी भाची तेव्हा चौदा-पंधराची. लॅपटॉपवर क्लासमध्ये जिथे तिचा स्वतःचा चेहरा दिसायचा, बरोब्बर त्या चौकटीवर तिने पिवळी स्टिकी नोट चिकटवलेली. गळून पडली की नवी. मला वाटलं अभ्यासाचं काही लिहिलं असेल, बघते तर कोरी. विचारलं तर म्हणाली, "मावशी, दिवसभर स्वतःचं तोंड बघून वीट आलाय गं."

आपल्याला दोन मीटिंगमध्ये स्वतःचं थोबाड नको होतं. आणि ज्या वयात एका पिंपलवरून रडू येतं त्या वयाच्या पोरापोरींना आपण रोज तासन् तास आरशासमोर बसवलं, वर हुकूम, कॅमेरा ऑन नाहीतर ॲबसेंट! हजेरी लागली ना, मग पोरगी बरी आहे. संपला विषय.

अहो, या वयात मूल आईबापांपासून सुटून मित्रांकडे सरकतं, ते त्या वयाचं कामच असतं, आणि नेमकं तेव्हाच त्यांना चोवीस तास आईबापांच्या नजरेसमोर कोंडलं. धडे पोचले असतील लिंकवरून, पण मधल्या सुट्टीतली कुजबुज, बाकाखालून सरकवलेली चिठ्ठी, पहिल्या तासाला झालेलं भांडण तिसऱ्या तासाला मिटणं, हे कुठून आणणार होतात? ऑनलाइन भांडण मिटत नाही, ब्लॉक होतं. भाचीची जिवाभावाची मैत्रीण अशीच गेली.

आणि ते लोळणं! या वयात शरीरच झोपेची वेळ पुढे ढकलतं, झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा तयार होतं, त्यात दिवसभर ऊन नाही, खेळ नाही, रात्री हातात फोन, मग पहाटेशिवाय डोळा लागेल कसा? डिप्रेशनमधलं मूल रडतच बसतं असंही नाही, ते खेकसतं, दार लावून घेतं, ताट सरकवतं. आपण त्याला आळस म्हणून मोकळे.

मान्य, शाळा बंद ठेवणं भाग होतं, माणसं मरत होती. वर्गात ज्यांचा छळ व्हायचा त्यांना घरी हायसं वाटलं हेही खरं. बरं. पण 2020 मध्ये जगभरात दीडशे कोटींहून जास्त मुलांची शाळा बंद पडली, 2021 च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि बाल-मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी मुलांच्या मानसिक आरोग्याबाबत राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. आणीबाणी! आणि आमचे काका इमोजी टाकतायत.

शिक्षकांवर राग नाही हं माझा (त्या कॅमेरावाल्या हुकमावर आहे). काळ्या चौकोनांशी बोलत बसायचे बिचारे, पलीकडे कुणी ऐकतंय का याचा पत्ता नाही. भाचीच्या एक बाई क्लास संपला तरी लिंक चालू ठेवायच्या. अभ्यास नाही, ज्याला थांबायचं त्याने थांबा, बोला नाहीतर नुसते बसा. एकदा कुणाचं तरी मांजर कीबोर्डवर चढलं आणि ही पोरगी कितीतरी दिवसांनी खळखळून हसली, मी शेजारच्या खोलीत होते, ऐकलं. त्या बाईंच्या वेळेला ती नोट काढून ठेवायची. कुणी सांगितलं नव्हतं तिला. एवढंच हवं होतं हो, त्याला काय बजेट लागतं की समिती लागते?

आता कॉलेजात आहे. बरी आहे, भांडते, हसते, पण कौन्सेलरकडे जाणं चालूच आहे. परवा एका काकूंनी तिच्या तोंडावर विचारलं, "अगंबाई, अजून? शाळा उघडून किती वर्षं झाली!"

हो काकू, अजून. तिला हवं तेवढे दिवस जाईल ती.