एक पेपर, नऊ बिऱ्हाडं

३२ जीबी रॅममध्ये ३६ जीबीची व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरने थाटलेले कॉम्प्युटर, बसतात. हे ज्याला पटत नाही त्याने सकाळची विरार लोकल बघितलेली नाही. तिघांच्या बाकावर चौथा बसतोच. म्हणजे टेकतो, पण त्याला बसलेलाच म्हणायचं.

प्रत्येकी ४ जीबीची नऊ मशीन आणि खाली त्यांना चालवणारं लिनक्स-केव्हीएम, हा आमचा नेहमीचा संसार. नवी रॅम मागावी, तर लॅमिंग्टन रोडचा भाव ऐकून साहेब म्हणतात, “शेअर करून भागवा की!” हे ‘भागवणं’ म्हणजे केएसएम, कर्नल सेमपेज मर्जिंग. लिनक्स २.६.३२ मध्ये, २००९च्या डिसेंबरात ते आलं. कल्पना मात्र थेट गिरगावातल्या चाळीची: नऊ बिऱ्हाडांत तोच पेपर येतोय, तर नऊ प्रती कशाला?

केएसएमडी नावाचा कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, गडी सगळ्यांच्या मेमरीतली ४ केबीची पानं (मेमरीचे तुकडे) पडताळत फिरतो. हुबेहूब सारखी दिसली, की एक ठेवतो, बाकीची रद्दीत. बिऱ्हाडांना पत्ता नाही. जो तो आपलाच पेपर समजून वाचतोय. मग कुणी काका पेन काढून शब्दकोडं सोडवायला बसतात. पहिलं अक्षर उमटायच्या आत कर्नल त्या पानाची झेरॉक्स काढतं आणि ती काकांच्या हातात देतं. याला म्हणतात कॉपी ऑन राइट. झेरॉक्सचा कागद अर्थातच तुमच्या रॅममधून. म्हणून मी या बचतीला बचत म्हणत नाही, उधारी म्हणतो. नऊही मशीनवर रात्री दोनच्या ठोक्याला एकच अपडेट लावलं, की नऊ काका एकदम पेन काढतात. होस्टला (खालच्या खऱ्या मशीनला) स्वॅप, म्हणजे रॅम भरल्यावर वापरायची डिस्कवरची जागा, नसेल तर ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा मारेकरी, येतो, आणि त्याचा डोळा बहुधा सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्यावर, म्हणजे तुमच्या सर्वांत महत्त्वाच्या मशीनवर असतो. अपडेटच्या वेळा अर्ध्या-अर्ध्या तासाने मागेपुढे ठेवा. नळाच्या रांगेत एवढी अक्कल सगळ्यांना असते.

सुरू करणं सोपं: सिस फाइलसिस्टिममधल्या (तिथे कर्नलची बटणं फाइल म्हणून दिसतात) केएसएमच्या ‘रन’ फाइलमध्ये १ लिहा. लगेच मेमरी मोकळी झाली का ते बघू नका. मूळ सेटिंगवर गडी १०० पानं बघतो आणि २० मिलिसेकंद डुलकी काढतो. म्हणजे सेकंदाला फार तर ५,००० पानं, २० एमबी. ३६ जीबी चाळायला अर्धा तास! त्यात पहिल्या फेरीत तो बहुतेक पानांचा नुसता चेकसम (मजकुरावरून काढलेला आकडा) टिपून ठेवतो. पुढच्या फेरीपर्यंत पान बदललं नसेल तरच स्थळं बघायला घेतो. तेवढ्यात बोरिवलीची स्लो लोकल चर्चगेटला पोचलेली असते. १००चे १,००० करता येतात, पण मग गडी सीपीयूचा पगार मागतो.

कमाई तिथल्याच ‘पेजेस शेअरिंग’ या आकड्यात दिसते. त्याला ४ केबीने गुणा: ५ लाख म्हणजे जवळपास २ जीबी. मात्र मशीन नवी चालू झालेली असताना काढलेला आकडा साहेबांना दाखवू नये. नव्या जागेत सगळ्यांचीच कपाटं रिकामी असतात, आणि शून्यांनी भरलेली पानं एकमेकांसारखी दिसणारच. दोन दिवस थांबा. ‘पेजेस अनशेअर्ड’, म्हणजे जोडी न मिळालेल्या पानांचा आकडा, फार मोठा असेल तर गडी नुसत्या चकरा मारतोय. नऊही मशीनवर तीच ओएस, तीच आवृत्ती असेल तर जमतं. एकीकडे विंडोज, दुसरीकडे उबुंटू असेल तर दोन घरी दोन भाषांतले पेपर.

मशीनला ह्यूजटीएलबीएफएसची, म्हणजे मोठ्या पानांच्या राखीव साठ्यातली, २ एमबीची पानं दिली असतील तर केएसएम त्यांना हात लावत नाही. मेमरी बॅकएंडला (मशीनची मेमरी कुठून येते ते सांगणाऱ्या सेटिंगला) ‘शेअर ऑन’ लिहिलं असेल तरीही नाही. म्हणजे ‘शेअर’ लिहिल्यामुळे शेअरिंग बंद. हे नाव ज्याने ठेवलं त्याला चाळीच्या कमिटीवर घ्यायला हवं.

बंद करताना ‘रन’मध्ये ० लिहा, जोडलेलं तसंच राहतं. २ लिहिलंत तर सगळी पानं पुन्हा वेगळी होतात, तीही त्याच ३२ जीबीत. जागा संपली, तर ओओएम किलरला पहिला बळी म्हणून कर्नल २ लिहिणाऱ्या प्रोसेसचंच नाव सुचवतं. सरकारी कारभारात इतका न्याय मी पाहिलेला नाही.

आणि भिंतीला कान असतात. जोडलेल्या पानावर लिहायला जास्त वेळ लागतो, तेव्हा शेजाऱ्याकडे तेच पान आहे का, हे घड्याळ लावून ताडता येतं. म्हणून व्हर्च्युअल मशीनचंच सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअरने २०१४ साली वेगवेगळ्या मशीनमधली पानं एक करणं डिफॉल्टला बंद करायचं ठरवलं. अनोळखी लोकांची मशीन असतील तर तुम्हीही बंद करा.

एवढं समजावल्यावर साहेब म्हणतात, “अहो, मला दोन मशीननी एकाच मेमरीत लिहायला हवं होतं!” ते वेगळंच प्रकरण, क्यूईएमयूचं (केव्हीएमवर मशीन उभी करणाऱ्या प्रोग्रॅमचं) आयव्हीएसएचमेम. होस्टच्या डेव्ह-एसएचएममधली (रॅममध्येच राहणाऱ्या फोल्डरमधली) एक फाइल दोघांनाही पीसीआय कार्ड म्हणून दिसते. इथे मात्र ‘शेअर ऑन’ हवंच. आकार १, २, ४ असा दुपटीतलाच. ३ एमबी मागू नका. हा चाळीचा सामायिक नळ. कुलूप नाही, रांग नाही. कुणाची बादली आधी ते तुमच्या प्रोग्रॅमने ठरवायचं. ‘प्लेन’ प्रकारात पाणी आलं का ते नळापाशी उभं राहून बघत बसायचं. ‘डोअरबेल’ प्रकारात मात्र आयव्हीएसएचमेम-सर्व्हर वेगळा चालवावा लागतो, आणि मग पहिल्या मजल्यावरून हाक येते, “पाणी आलंऽऽ!”