म्हणे राँग साइडने आलो!

गेल्या रविवारी आमच्या भांडुपच्या मंडळाचा दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव सोहळा होता. कार्यक्रम सहाचा, पाहुणे उगवले सव्वासातला. त्याचं काही नाही, पाहुणे वेळेवर आले तर आम्हालाच चुकल्यासारखं होतं. पाहुणे म्हणजे रोज रात्री टीव्हीवर दिसणारा चेहरा. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की सगळे त्या एका माणसावर तुटून पडतात आणि बाकीचे सुटतात.

तर साहेबांनी माइक हातात घेतला आणि सुरुवातच केली, "सॉरी हं मंडळी. एलबीएस रोडला मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांमुळे मरणाचं ट्रॅफिक. शेवटी ड्रायव्हरला म्हटलं, घाल राँग साइडने! सोनापूरच्या सिग्नलला हवालदाराने हात केला. मी काच खाली केली, तर तो पावती फाडायचं विसरून सेल्फी मागायला लागला!"

हॉल नुसता फुटला. टाळ्या, शिट्ट्या. अध्यक्ष पोट धरून हसतायत. आणि पहिल्या दोन रांगांत कोण? सोळा-सतरा वर्षांची पोरं. इस्त्रीचे शर्ट, मांडीवर प्रमाणपत्र, आणि डोळ्यांत असा कौतुकाचा पूर की बस. खोटं कशाला बोलू, मीही हसले. दोन सेकंद. मग मंगळवार आठवला.

मंगळवारी सकाळी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होते. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचंय. स्टेशन रोडला सिग्नल लाल झाला, गाड्या थांबल्या. आम्ही नियमाप्रमाणे उजवीकडे बघून उतरलो आणि डावीकडून बाइक आली. राँग साइडने, एका हातात फोन. आरशाला माझी पिशवी अडकली, दुधाची थैली फुटली, आई माझ्या दंडाला लोंबकळली. नशीब, पडली नाही. तो थांबला का? नाव नको. पाच फूट पुढे जाऊन मान वळवली आणि म्हणाला, "ओ काकी, बघून चाला ना जरा!"

बघून? कुठे बघू? उजवीकडे बघू, डावीकडे बघू, का आता आभाळाकडे बघू?

आईची चप्पल दुधाने भिजली होती. ती तशीच चपचप करत दवाखान्यापर्यंत आली आणि वर मलाच समजावत होती, "जाऊ दे गं, घाई असेल त्याला."

हीच ती घाई, जिच्यावर रविवारी हॉलभर टाळ्या पडल्या. फरक एवढाच की राँग साइडने गाडी घालणारा एसीत बसला होता आणि समोरून येणारी माझी आई त्या किश्शात नव्हती. अशा किश्शांत ती कधीच नसते. हवालदार असतो, तोही सेल्फी मागणारा बावळट म्हणून. दिवसभर धूळ आणि धूर खात उभा राहणारा माणूस, त्याचं एका वाक्यात पायपुसणं केलं. मला तर तो सेल्फीही खरा वाटत नाही. पण खरा असला तर जास्तच वाईट.

आणि हसतो कोणाला आपण? जो पत्र्यांच्या कडेने अर्धा तास रांगेत कुजला त्याला. नियम पाळणारा तो येडा. मी त्या दिवशी पाचला निघून, रिक्षात बसून, सरळ बाजूने, वेळेवर पोचले होते. म्हणजे तो विनोद माझ्यावर होता, आणि मीच हसत बसले!

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "अगं, विनोद होता तो. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" बरं. मग ऐका. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. सरकारचाच आकडा आहे. भागून बघा, दिवसाला साडेचारशेच्या वर. त्यात ५०,०२९ जण हेल्मेट न घातलेले. आणि त्या पन्नास हजारांत १४,३३७ जण डबलसीट, म्हणजे मागे बसलेले. आपल्या महाराष्ट्रात १५,२२४ मृत्यू. आता सांगा, कुठे हसू?

डबलसीटवरून आठवलं. मे २०२३ मध्ये अमिताभ बच्चनने एक फोटो टाकला होता. बाइकवर मागे बसलेला, ना पुढच्याच्या डोक्याला हेल्मेट ना याच्या. सोबत मजकूर असा की ट्रॅफिकमधून सोडवून मला वेळेवर कामावर पोचवलंस, धन्यवाद मित्रा. मागच्या माणसालाही हेल्मेट सक्तीचं होऊन मुंबईत तेव्हा वर्षही झालं नव्हतं. लोकांनी पोलिसांना टॅग केलं. मग खुलासा आला की हे बॅलार्ड इस्टेटमधलं शूटिंग होतं, परवानगी होती, बाइक हललीच नाही, सहज गंमत केली. त्यानंतर पोलिसांच्या गाडीशेजारी मान खाली घालून उभा असलेला फोटो, वर लिहिलेलं 'अटक'. म्हणजे गंमतीवर आणखी गंमत. मी त्याची पन्नास वर्षांची नाही म्हटलं तरी चाळीस वर्षांची चाहती आहे, म्हणून जास्त लागलं. बाइक हलली नाही, मान्य. पण फोटो तर हलला ना? घराघरात गेला! त्याच आठवड्यात अनुष्का शर्मा अशीच विनाहेल्मेट मागे बसून गेली. तिथे बाइक खरोखरची पळत होती, आणि चालवणाऱ्या अंगरक्षकाला साडेदहा हजारांचं चलान आलं. पैसे भरले, विषय संपला. बातमी कशी, तर नटीचं साधेपण बघा! साधेपण कसलं डोंबलाचं?

त्यापेक्षा २०१७ बरं होतं. वरुण धवन गाडीच्या खिडकीतून अर्धा बाहेर लटकून शेजारच्या रिक्षातल्या चाहतीबरोबर सेल्फी काढत होता. फोटो छापून आला. मुंबई पोलिसांनी तोच फोटो उचलून सांगितलं की ही साहसं पडद्यावर चालतात, मुंबईच्या रस्त्यावर नाही, आणि चलान घरी पाठवलं. त्याने माफी मागितली. ब्रिटनमध्ये तर जानेवारी २०२३ मध्ये चालत्या गाडीत मागच्या सीटवर बेल्ट न लावता व्हिडिओ केला म्हणून पंतप्रधान ऋषी सुनकना लँकेशायरच्या पोलिसांनी दंड केला. पदावर असलेल्या पंतप्रधानाला! आपल्याकडे? ऑक्टोबर २०२२ मध्ये शेजारच्या गुजरातेत गृहराज्यमंत्र्यांनी दिवाळीभेट म्हणून जाहीर केलं की आठवडाभर वाहतुकीचा दंडच घेणार नाही. दिवाळीचा फराळ समजले की काय कायद्याला?

आणि हो, मला विनोदाचं वावडं नाही. मुंबई पोलिसांनीच २०२० च्या सुरुवातीला काय केलं होतं आठवतंय? सिग्नलला डेसिबल मोजायचं यंत्र जोडलं. लाल दिव्याला उभं राहून तुम्ही भोंगे वाजवले आणि आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे परत पहिल्यापासून सुरू. बडवा हॉर्न, बसा अजून! हिंदमाता, पेडर रोड, वांद्र्याला लोकांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. मी त्यावर पोटभर हसले. कारण तिथे हसं कोणाचं झालं, तर हॉर्न बडवणाऱ्याचं.

दुसरं तोंडावर फेकतात ते म्हणजे "रस्ते बघा आधी, खड्डे बघा, मेट्रोने वाट लावलीय." लावलीय की! मेट्रो चारच्या कामाने एलबीएसची जी चाळण केलीय त्यावर मी आणखी चार पानं लिहीन. पण राँग साइडने गेल्यावर खड्डे बुजतात का? उलट दोन्हीकडून तोंडाला तोंड लागून आणखी अर्धा तास सगळे अडकतात. आणि तेवढ्या गर्दीत ॲम्ब्युलन्स कुठून तरी ओरडत असतेच.

माझ्या नावावर एक चलान आहे. गेल्या पावसात मुलुंडला स्कूटर झेब्रावर फूटभर पुढे गेली, कॅमेऱ्याने टिपलं, पाचशे रुपये. चडफडले, पण भरले. कोणी सेल्फी मागितला नाही. कॅमेऱ्याला काच खाली करून हसून दाखवायची सोय आम्हाला कुठे?

आता खरी गोष्ट. बुधवारी संध्याकाळी सोसायटीच्या गेटवर आमच्या दुसऱ्या मजल्यावरचा पोरगा दिसला. दहावीला ९१ टक्के, रविवारी त्याच पाहुण्यांच्या हातून ट्रॉफी घेतलेला. बापाची ॲक्टिव्हा, ट्रिपल सीट, डोक्याला एकाच्याही काही नाही. वय सोळा. म्हटलं, "अरे, लायसन्स आहे का तुला? पकडलं तर बाबांना पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत जेल आहे, माहितीये? तुला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळणार नाही."

तो गोड हसला. मुलगा खरंच गुणी आहे हो, माझ्या आईच्या पिशव्या वर आणून देतो. म्हणाला, "काकू, टेन्शन नको. पकडलं तर मामांना सेल्फी देऊ!"

मागचे दोघे खिदळले आणि गाडी गेटमधून बाहेर. आणि वळली कुठे? उजवीकडे, राँग साइडला. यू-टर्न लांब पडतो ना!

मी मंडळाच्या ग्रुपवर हे सगळं लिहिलं. दोन अंगठे आले, एक हात जोडलेला. सेक्रेटरींनी लिहिलं, "ताई, भावना पोचल्या." आणि खाली पुढचा मेसेज: गणपतीत आरतीला त्याच पाहुण्यांना पुन्हा बोलवायचं ठरतंय, सगळ्यांची संमती कळवावी. मी कळवलं. बोलवा, पण सोनापूरपासून चालत आणा, आणि रस्ता क्रॉस करताना माझ्या आईचा हात त्यांच्या हातात द्या.

निळ्या टिक्स आल्यात. उत्तर कोणाचंच नाही.