टाकी आडवी करण्याचे शास्त्र

आपला ढाबा जळगाव-धुळे महामार्गावर आहे, रात्रीचे अकरा वाजले आहेत आणि ट्रकवाल्यांची शेवभाजी भट्टीवर रटरटते आहे, असे गृहीत धरून हा सल्ला देत आहे.

स्वयंपाकाच्या गॅसची टाकी अर्थातच लाल घ्यावी. हॉटेलासाठी १९ किलोची निळी टाकी असते आणि १४.२ किलोची घरगुती टाकी धंद्यात वापरण्यास २००० सालच्या पुरवठा आदेशाने मनाई आहे. परंतु आदेश काढणाऱ्यांनी कधी उधारीवर गिऱ्हाईक जेवू घातले आहे काय? टाकीच्या कड्याखालील पट्टीवर एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे रंगवलेले असतात. ती चाचणीची मुदत असते. वाचल्यास झोप उडते, तेव्हा वाचू नये.

जादा टाक्या मागच्या खोलगट खोलीत, डिझेलच्या डब्याच्या सोबतीने ठेवाव्यात आणि खिडकी लावून घ्यावी. हा वायू हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असल्यामुळे गळाला तर वर न जाता जमिनीलगत पसरतो, मोरीत उतरतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. म्हणून छताजवळ एक पंखा बसवून हवा खेळती ठेवल्याचे समाधान मिळवावे. हवेत त्याचे प्रमाण जेमतेम दोन टक्के झाले तरी ठिणगीला तेवढे पुरते. मुळात त्याला वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळतात; पण काळ्या मसाल्याच्या फोडणीपुढे त्या बापड्याचे काय चालणार! शंका आलीच तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे मोजत बसण्यापेक्षा काडी ओढून पाहावी. निकाल ताबडतोब लागतो.

खरे कसब लागते ते थंडीत. भट्टी जोरात चालली की द्रवाचा वायू होताना टाकीचीच उष्णता खर्ची पडते, बुडाला दव साचते, दाब उतरतो, ज्योत मंदावते, आणि टाकी हलवून पाहावी तर आत दोनेक किलो माल अजून डुचमळत असतो. अशा वेळी दुसरी टाकी जोडणे हा भित्र्यांचा मार्ग झाला. अनुभवी माणूस टाकी आडवी करतो किंवा तिच्याखाली उकळत्या पाण्याचे घमेले सरकवतो. उभ्या टाकीतून वरचा वायू येतो, आडवीतून मात्र द्रवच नळीत शिरतो आणि बाहेर पडताच सुमारे अडीचशे पट फुगतो. इतक्या थोड्या मालात इतकी बरकत दुसऱ्या कोणत्या धंद्यात आहे? (भरिताची वांगी तेवढी कापसाच्या काड्यांवरच भाजावीत. हे मात्र उपरोधाने म्हटलेले नाही.)

नारिंगी नळीची पाच वर्षांची मुदत तेलाच्या थराखाली गेली की आपोआप वाढते.

गळतीची खबर देण्यासाठी १९०६ हा क्रमांक असतो. तो कोणी भिंतीवर रंगवून गेले असेल, तर त्यावर नेमके बसेल असे कॅलेंडर टांगावे. मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर गेलेला असताना, अंगणात उन्हात उभ्या केलेल्या टाक्यांची उधारी लिहायला पान लागतेच.