शेतकऱ्याला नेमकं काय परवडतं?

आज सोलापुरात सात रस्त्याजवळ शेतीच्या औषधांचे एक दुकानदार भेटले. विषारी कीडनाशकांवरच्या बंदीचा विषय निघाला, तर म्हणाले, "जुनी औषधं बंद केली तर शेतकऱ्याला परवडणार नाही." तेव्हापासून डोकं फिरलंय.

सांगोल्याकडे आमच्या दाजींची डाळिंबाची बाग आहे. मागं एकदा त्यांनी तीन औषधं एकाच टाकीत कालवली आणि तोंडाला टॉवेल गुंडाळून भर उन्हात फवारणी केली. संध्याकाळी उलट्या, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सोलापूरला आणेपर्यंत ताई गाडीत त्यांना नुसत्या हाका मारत होती. डॉक्टरांनी विचारलं, कुठलं औषध होतं? बाटल्या बांधावर राहिलेल्या. अ‍ॅट्रोपीनवर, म्हणजे या विषावरच्या उताऱ्यावर ठेवलं, वाचले. आयसीयूचं बिल भागवायला ताईच्या पाटल्या मोडल्या. सांगा, त्या पाटल्या कुठल्या औषधाच्या किमतीत धरायच्या?

२०१७ मध्ये यवतमाळला फवारणी करता करता वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले. पुढे मे २०२० मध्ये केंद्राने २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. कंपन्यांनी ओरड केली, आणि शेवटी त्यातल्या मोजक्यांवरच बंदी आली. एंडोसल्फान हे कीडनाशक तर २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंद केलं. शेती बुडाली का त्यानं?

बरं, तपासणी आपल्याला जमत नाही असंही नाही. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाचे नमुने आधी लॅबमध्ये जातात, औषधाचा अंश मर्यादेबाहेर निघाला की माल जात नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधापायी तिकडे माल अडकला, बागायतदारांचे हाल झाले आणि तपासणी आणखी कडक झाली. तिकडच्या लेकरांसाठी एवढं सगळं होतं. आपल्या गाड्यावरची द्राक्षं तशी कोण तपासतं? आणि फवारणाऱ्या माणसाचं रक्त?

मान्य, डाळिंबावर तेल्या रोग पडला की बाग हातची जाते. नवीन औषध महाग असतं, हेही खरं. कर्जात बुडालेला माणूस स्वस्तातली बाटलीच उचलणार, त्याला मी काय बोलू? दाजीही अजून फवारतात. आता मास्क, हातमोजे घालून, पण फवारतात. ताई तेवढा वेळ दारातच बसून असते.

म्हणून म्हणतो, भार शेतकऱ्यावर टाकू नका. जी विषं दुसऱ्या देशांनी बंद केली ती इथे विकायची असतील, तर दवाखान्याचा खर्च कंपनीने भरावा, आणि मास्क-हातमोजे बाटलीसोबतच द्यावेत. ज्यांच्या बागा आहेत त्या मित्रांनो, उद्या गड्याच्या हातात पंप देण्याआधी बाटलीच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच येतो.