ह्यो आमचो नाय

"साहेब, तुमच्या घरी ढेकूण आहेत का?" दादरच्या एका हॉटेलच्या मॅनेजरनं परवा रात्री पावणेबाराला, चार लोकांदेखत, मला हे विचारलं. आवाजात काळजी होती, म्हणून जास्त राग आला.

भाच्याची मुंज होती, मुहूर्त भल्या सकाळचा. बदलापूरहून पहाटेच्या गाडीवर विसंबण्यात अर्थ नव्हता. बायको माहीमला बहिणीकडे राहिली. तिथं दोन खोल्यांत पाहुणे आधीच आडवे-उभे अंथरले होते, तेव्हा "तुम्ही आपलं हॉटेलचं बघा ना" असं ठरलं. बघितलं. तीन हजार दोनशे, वर जीएसटी. खोलीत पलंग होता आणि पलंगाभोवती फिरायला माझ्यापुरती जागा होती, तीही मी पोट आत घेतलं तर.

हॉटेलात शिरलं की आधी ढेकूण शोधायचे, हा माझा नेम. बॅग थेट बाथरूममध्ये, कारण गुळगुळीत टाइल्सवर त्यांना लपायला जागा नसते. मग चादर कोपऱ्यातून उपसायची, गादीच्या शिवणीवरून मोबाइलचा टॉर्च फिरवायचा, पलंगाच्या डोक्याकडची फळी, तिच्यामागची फट, स्क्रूची भोकं, सगळं बघायचं. ढेकूण नाही दिसला तरी त्याचे काळे ठिपके दिसतात. ओलं बोट फिरवलं की ते पसरतात. ते बोट नंतर कुठं पुसायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. आपल्या उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवर आणि अंगाच्या उबेवर हा प्राणी येतो, म्हणून मी श्वास रोखून शोधतो. उपयोग शून्य, धाप तेवढी लागते.

लक्ष्मी कमळात, शंकर हिमालयात आणि विष्णू क्षीरसागरात झोपतात ते ढेकणांच्या भीतीनं, असं एक संस्कृत सुभाषित आहे. त्यांच्यापैकी कुणाला आधी आधार कार्डाची झेरॉक्स द्यावी लागली नसणार.

तर मी गुडघे टेकून, डोकं फळीमागे आणि उरलेला भाग दाराकडे, अशा अवस्थेत असताना रूमबॉय पाण्याची बाटली घेऊन आत आला. रूमबॉय म्हणजे साठीला टेकलेले मालवणी मामा.

"सायबानू, काय हरावला?"

मी टॉर्च शिवणीवर रोखला. तिथं मसुराएवढा एक महाशय बसले होते, लालबुंद, टम्म. मामांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. मग ढेकणाला कागदाच्या कपटावर घेऊन ट्यूबलाइटखाली नेलं. सोनार तोरड्या पारखतो त्या गंभीरपणानं उलटसुलट पाहिलं आणि निकाल दिला.

"ह्यो आमचो नाय."

"म्हणजे?"

"आमचे बारीक आसतत. त्येंच्या अंगात रगत खयसून येतला? हयसर कोण एका रातीपेक्षा जास्ती रवता? ह्यो बघा, खावन-पिवन सुखी. घरचो दिसता. तुमी खयसून इलात?"

"बदलापूर."

"मगे बरोबर," मामा म्हणाले आणि चष्मा खिशात ठेवला.

२०२३ साली पॅरिसमध्ये ढेकणांची बोंब झाली तेव्हा तिथल्या वाहतूकमंत्र्यांनी रेल्वे-बसवाल्यांची बैठक बोलावली होती. आमची बैठक रिसेप्शनवर भरली. मॅनेजर, मामा, चेक-इनसाठी ताटकळलेलं एक जोडपं, त्यांचा ड्रायव्हर, आणि काउंटरवर उपड्या प्लास्टिकच्या ग्लासाखाली फिर्यादी पक्षाचा पुरावा. मॅनेजरनं आधी भिंतीवरचं पेस्ट कंट्रोलचं सर्टिफिकेट दाखवलं. ढेकणांना फ्रेमच्या मागची जागा फार आवडते, तेव्हा ती फ्रेम उचलून बघायची मला अनावर इच्छा झाली. मग त्यानं तो घरचा प्रश्न विचारला. जोडपं दोन पावलं मागे सरकलं. हॉटेलपासून नाही, माझ्यापासून.

मी कायद्याचा मुद्दा काढला. ढेकूण फुगलाय, म्हणजे नुकताच जेवलाय. मी अजून पाठसुद्धा टेकलेली नाही. तेव्हा त्याच्या पोटात आहे ते माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाचं रक्त.

"लोकलमध्ये चावला असेल कुणाला," मॅनेजर म्हणाला. "तिथून तुमच्या बॅगेत."

बदलापूर लोकल! जिथं माणसाला खिशातला रुमाल काढायला कल्याण यावं लागतं, तिथं हा ढेकूण आरामात बसून जेवला, हात धुतले आणि मग माझ्या बॅगेची चेन उघडून आत शिरला. आम्ही लांब राहतो म्हणून काहीही ऐकून घ्यायचं? घरं या शहरात परवडत नाहीत म्हणून लांब गेलो. आता एका रात्रीपुरतं परत यायचं तर दिवसाच्या पगाराहून जास्त मोजा, आणि वर तुम्हीच घाण आणली म्हणून ऐका. जोडप्याकडे काही मॅनेजरनं चौकशी केली नाही. त्यांच्याकडे ड्रायव्हर होता.

शेवटी मोठ्या मनानं "दुसरी रूम देतो, एक्स्ट्रा चार्ज नाही" असं ठरलं. मामा बॅग घेऊन पुढे. जिन्याच्या वळणावर थांबले, खाली वाकून बघितलं आणि माझ्या कानाशी आले.

"सायबानू, ती खोली घेव नकात."

"का?"

"थंयसर आमचे आसत."

मी त्यांना पन्नास रुपये दिले. त्या रात्रीचा तेवढाच खर्च मला पटला. मग पहिल्याच खोलीत, प्लास्टिकच्या खुर्चीत, पाय बाथरूमच्या उंबऱ्यावर टाकून बसलो. मुंजीत भटजी "मंडळी, सावधान" म्हणाले तेव्हा दचकून जागा झालेला मी एकटाच.

त्याआधी सकाळी सहाला बिल चुकतं करताना मी शांतपणे म्हटलं, पलंगाला मी हातही लावलेला नाही, निदान काही तरी कमी करा. मॅनेजरनं रजिस्टरमधून मान वर केली नाही.

"खुर्चीत झोपलात तरी एसी चालूच होता ना साहेब?"