१७ रुग्ण, मग पाच लाख

१९६३ साली अख्ख्या श्रीलंकेत (तेव्हाचं सिलोन) मलेरियाचे फक्त १७ रुग्ण सापडले. त्यातलेही बरेचसे बाहेरून आलेले. १९३४-३५च्या साथीत सुमारे ८० हजार माणसं जिथे दगावली, त्याच बेटावर! मग कुठलंही सरकार करतं तेच झालं. रोगच नाही तर फवारणीवर पैसे कशाला? फवारणी थांबली, रक्ततपासणी ढिली पडली. १९६९ साली रुग्ण पाच लाखांच्या वर गेले.

त्यांना हसायचं काम नाही. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्याकडे वर्षाला अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा, आठ लाख मरायचे. १९५३ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गावोगाव डीडीटीचे पंप फिरले, घरांच्या भिंतींवर 'एनएमईपी'ची (राष्ट्रीय मलेरिया निर्मूलन कार्यक्रमाची) अक्षरं उमटली. जुन्या माणसांना विचारा, सांगतील. १९६५पर्यंत रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. आणि १९७६ला? ६४ लाख. डास डीडीटीला पुरून उरले हे खरं, पण आपणही हात सैल सोडलाच होता.

श्रीलंकेने मात्र दुसऱ्या वेळी तसं होऊ दिलं नाही. यादवी चालू असताना, बंडखोरांच्या ताब्यातल्या भागातसुद्धा फवारणी आणि तपासणी चालू ठेवली. फिरती पथकं तापाचा रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न बघता गावात जाऊन रक्त घ्यायची. ऑक्टोबर २०१२मध्ये शेवटचा स्थानिक रुग्ण सापडला, सप्टेंबर २०१६मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाणपत्र मिळालं.

मला जास्त कौतुक त्यानंतरचं वाटतं. प्रमाणपत्र भिंतीवर लावून ते झोपले नाहीत. त्याच सुमारास तिथल्या मन्नार जिल्ह्यात ॲनोफिलिस स्टीफेन्सी हा मलेरिया पसरवणारा डास पहिल्यांदा दिसला. हा आपला पक्का मुंबईकर: गच्चीवरची टाकी, बांधकामाचं साचलेलं पाणी, जुनी विहीर, काहीही चालतं त्याला. एकही स्थानिक रुग्ण नसताना त्यांनी त्याच्या मागे माणसं लावली. २०१८ला एका भारतीय कामगाराकडून तिथल्या एकाला संसर्ग झाला, तर तो एक रुग्णही सुटला नाही. लगेच आजूबाजूच्यांची तपासणी झाली.

आपलं लक्ष्य २०२७पर्यंत स्थानिक रुग्ण शून्य आणि २०३०पर्यंत निर्मूलन. गडचिरोलीच्या जंगलातल्या पाड्यांवर हे किती अवघड आहे ते तिथल्या आशाताईंना विचारा. तरी होईल, असं मला वाटतं. भीती वेगळीच आहे. रुग्ण कमी झाले की पहिली कात्री आरोग्य सेवकाच्या पदावर चालते. तो निवृत्त झाला की जागा रिकामी, शेजारच्या उपकेंद्रातल्या माणसाकडे 'अतिरिक्त कार्यभार', आणि मग घरोघरी जाऊन ताप विचारणार कोण, काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेणार कोण? खरं तर रुग्ण हजारांत असतात तेव्हा ते आपोआप सापडतात. पाच-दहाच उरले की शोधायला जास्त माणसं लागतात. हे साधं गणित अंदाजपत्रक करणाऱ्यांना का कळत नाही, देव जाणे.

म्हणून 'जिल्ह्यात मलेरियाचे रुग्ण घटले' अशी बातमी आली की मी आधी एकच आकडा शोधते: यंदा रक्तनमुने किती तपासले? बहुतेक वेळा तो छापलेलाच नसतो. तुमच्यापैकी कुणी जिल्हा हिवताप कार्यालयात असेल, तर आपल्या जिल्ह्याचा तेवढा आकडा खाली लिहा. भरलेली पदं किती, तेही लिहा.