कॅलिफोर्निया : ग्लव्ह बॉक्समधली दारूची उघडलेली बाटली चालत नाही

‘झाकण घट्ट लावून दारूची बाटली ग्लव्ह बॉक्समध्ये (डॅशबोर्डमधल्या कप्प्यात) टाका, पोलीस काही करू शकत नाहीत,’ असा सल्ला कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

उघडलेली बाटली चालक-प्रवाशांच्या जागेत ठेवता येत नाही, आणि इथल्या व्हेइकल कोडच्या (वाहन कायद्याच्या) कलम २३२२५ नुसार ग्लव्ह बॉक्स हा चालक-प्रवाशांच्या जागेचाच भाग धरला जातो, कुलूप असलं तरी. गोंधळ बहुधा अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमामुळे झाला असावा. डिकी नसलेल्या गाडीत कुलूपबंद ग्लव्ह बॉक्सची सवलत द्यायला तो राज्यांना मुभा देतो. कॅलिफोर्नियाने ती दिलेली नाही.

झाकणाचंही तेच. सील तुटलं किंवा थोडी जरी दारू काढली, की बाटली ‘उघडलेली’. हॉटेलातून आणलेली अर्धी वाइन बूच ठोकून दिली असली तरी डिकीतच ठेवा. एसयूव्हीला वेगळी डिकी नसते, तेव्हा शेवटच्या सीटमागे. पार्टीनंतर रिकामे कॅन पिशवीत भरून मागच्या सीटवर टाकतात. त्यातल्या एकाच्या तळाशी घोटभर बिअर उरली तरी पुरे.

‘मी प्यायलोच नाही’ हा बचाव इथे लागू पडत नाही, कारण गुन्हा बाळगण्याचा आहे, पिण्याचा वेगळा. बाटली शेजारी बसलेल्याच्या हातात असेल तर त्यालाही दंड होतो. आणि गाडीत एकवीसच्या आतलं कुणी एकटंच असेल तर सीलबंद बाटलीसुद्धा सहसा चालत नाही.